जुना फोटो आहे का?

चांद्याच्या आमच्या डॉक्टरांकडे तुम्ही मोतीबिंदू घेऊन जा, खुपऱ्या घेऊन जा, नाहीतर डोळ्यात रुतलेलं धानाचं कुसळ घेऊन जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "जुना फोटो आहे का घरी?" समोरची म्हातारी बावचळून जायची. पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमच्या झाडीतल्या खेड्यांत जन्मात कधी फोटो न काढलेली माणसंच जास्त. "फोटो कायले जी? डोया त् हा इथी हाये," असं म्हणून ती डोळा पुढे करायची. मग डॉक्टर ओशाळं हसायचे आणि म्हणायचे, "असूं द्या, असूं द्या. सवय आहे."

लोकांनी या सवयीचे नाना अर्थ लावले. कुणी म्हणे त्यांच्या साळ्याचं फोटोचं दुकान आहे. कुणी म्हणे डॉक्टर आडून आडून सोयरिकी जुळवतात. शेवटी सगळ्या जिल्ह्यानं, म्हणजे नागभीडपासून पार सिरोंच्यापर्यंत, त्यांचं नाव फोटोवाले डॉक्टर करून टाकलं. त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं. मला मात्र कुणी ते नाव घेऊन हसलं की राग यायचा, कारण त्या प्रश्नाचं मूळ मी होते. मी त्यांच्या दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी ते कुणाला फोटो मागत नव्हते.

माणूस उंच, किडकिडीत, थोडा पोक काढून चालणारा. नागपूरहून आलेले, बोलणं शुद्ध, पण आमच्याशी आमच्यासारखं बोलायची फार हौस. "डोळा लाल होऊन राह्यला काय?" हे वाक्य ते इतकं जपून उच्चारायचे, की पेशंटलाच त्यांची दया यावी. तपासायची रीतही न्यारी. तुम्हाला खाली जमिनीवर बसवायचे, स्वतः मागे उभे राहायचे, तुमचं डोकं मागे कलतं करायचे आणि वरून, कपाळावरून खाली पाहायचे. एखादा डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलाय का, ते तसं वरून चटकन कळतं म्हणे. बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. "अवो, डॉक्टर उवा पाहून राह्यले!" डॉक्टरांच्या कानावर ते जायचंच. "उवा नाहीत हो बाई," ते गंभीरपणे सांगायचे, "असत्या तर सांगितलं असतं."

माझ्या डोळ्याचं सांगते. डाव्या भुवईच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली, पापणीच्या आत, मला काहीतरी टणक लागायचं. लहान होतं, मग हळूहळू मोठं झालं. डोळा खाली आणि नाकाकडे सरकत गेला. इतका हळू की घरातल्यांना कळायलाही वेळ लागला. दुखत नव्हतं. मुळीच दुखत नव्हतं, हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मायनं शेक दिला, पाला बांधला, देवाला नारळ बोलली. मला सोळावं लागलं आणि ब्रह्मपुरीकडच्या एका चांगल्या घरातून मागणी आली. पाहुणे दिवेलागणीला येऊन पाहून गेले होते, माझा पदर डावीकडे जरा जास्तच पुढे होता, आणि सोयरीक ठरल्यात जमा होती. लग्नाआधी डोळा नीट करून घ्यावा म्हणून माय मला छोट्या रेल्वेनं चांद्याला घेऊन गेली.

तेव्हा डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एकच लांबट खोली होती. भिंतीला लागून बाक, बाकावर सगळे पेशंट दाटीवाटीनं, आणि समोरच डॉक्टरांचं टेबल. एकाचं दुखणं सगळ्यांनी कीर्तन ऐकावं तसं ऐकायचं. आम्ही बाकावर बसलो आणि शेजारून आवाज आला, "अवो, शेवंतेची माय ना तुमी?" पाहतो तर नवऱ्या मुलाची मावशी! मोतीबिंदू दाखवायला आलेली. मायचा चेहरा असा उतरला की काय सांगू. मावशीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"दहाच दिस झाले जी," माय म्हणाली, अगदी मोठ्यानं. बाकाच्या टोकापर्यंत जावं इतकं मोठ्यानं. "गांधीलमाशी चावली पोरीले."

डॉक्टरांनी माझ्या भुवईखाली बोट फिरवलं. बोटं आधी चोळून गरम करून घेतली होती, ते आठवतं. "दुखतं का?" त्यांनी विचारलं. विचारलं माझ्या डोक्यावरून, मायला.

"लय दुखते जी! रातभर डोयाले डोया नाई लागत पोरीचा."

मी रात्री अशी झोपायचे की सकाळी मायला माझं पांघरूण ओढावं लागायचं. पण लग्नाला आलेल्या पोरीला त्या काळी तोंड कुठलं? मला कुणी विचारलंच नाही. माय खोटं बोलली ती डॉक्टरांशी नव्हेच. ती बाकावरच्या मावशीशी बोलत होती, आणि डॉक्टर बिचारे ते आपल्याला सांगितलेलं समजून ऐकत होते.

त्या उत्तरानं त्यांचा चेहरा का बदलला, ते मला पुष्कळ वर्षांनी त्यांनीच समजावलं. डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, हाडाच्या खोबणीत, बदामाएवढी एक पिशवी असते. तिच्यात आसवं तयार होतात. तिथे सूज आली की ती कुठल्या जातीची, हे ओळखणं म्हणजे डॉक्टरची परीक्षा. त्यांनी माझ्यासाठी तीन नावं केली होती. पहिली पाहुणी. एकाएकी येते, लाल होते, ठणकते आणि औषधपाण्यानं निघून जाते. दुसरी बिऱ्हाडकरू. वर्षानुवर्षं मुकाट्यानं राहते, दुखवत नाही, फक्त डोळ्याला हळूहळू बाजूला सारते. आणि तिसरी दरोडेखोर. झपाट्यानं वाढते, दुखते, हाड खाते आणि माणसाला घेऊन जाते. "आता बघा शेवंताबाई," ते म्हणाले, "दहा दिवसांची, दुखणारी, आणि हाताला दगडासारखी कडक. मी काय समजावं?"

ते दरोडेखोर समजले. पोरीचा जीव वाचवायचा तर एक दिवसही दवडायचा नाही, असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पापणीतून गाठीचा तुकडा काढला, औषधाच्या बाटलीत घातला आणि काचेखाली पाहायला नागपूरला पाठवला. कापताना सारखे बोलत होते माझ्याशी. "शेवंताबाई, आता टोचेल. शेवंताबाई, शाबास." मला बाई म्हणणारा तो पहिला माणूस. मी भीतीपेक्षा त्याच अप्रुपात होते. त्यांची ती घाई मायेची होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण घाई ती घाईच.

मावशी गावी पोचायच्या आत बातमी पोचली. पोरीच्या डोळ्याला सुरी लागली! सोयरीक मोडली. मायनं जिच्यासाठी खोटं सांगितलं, ती मावशी निरोप घेऊन आलीसुद्धा नाही, गड्याच्या हाती निरोप धाडला. माय चुलीपुढे बसून राहिली आणि भात करपला.

मग एक दिवस डॉक्टर स्वतःच आमच्या दारात. नागभीड स्टेशनावरून बैलगाडीनं आलेले, अंगभर धूळ. चांद्याचा डॉक्टर खेड्यात पेशंटच्या घरी येतो, म्हणजे काय भयंकर असेल म्हणून सगळी आळी गोळा झाली. "चांगली बातमी आहे," ते म्हणाले. "जिवाला धोका नाही. दरोडेखोर नाही." पण बातमी चांगली होती तर तोंड तसं नव्हतं. नागपूरहून उत्तर आलं होतं की ही बिऱ्हाडकरू जातीची गाठ आहे. आणि ती काही दहा दिवसांत होत नाही.

चहा होईपर्यंत ते ओसरीवरच्या भिंतीकडे पाहत बसले. चुलीच्या धुरानं ती भिंत काळपट झालेली, आणि मधोमध एक चौकोन स्वच्छ. "इथे काय होतं?" त्यांनी विचारलं.

माझा थोरला भाऊ भोळा. तो म्हणाला, "माह्या लग्नाचा फोटो होता जी. मायनं पाहुणे येयाच्या आधी पेटीत ठेवला." आणि उठून घेऊनही आला. माय 'राहू दे, राहू दे' करत राहिली.

फोटोत सगळं वऱ्हाड डोळे वटारून उभं आहे. कडेला मी, मान एका बाजूला कलवून. तशी मान कलवली की मला दोन दोन माणसं दिसायची नाहीत, एकच दिसायचं. डावा डोळा उजव्याच्या खाली, अगदी स्पष्ट. डॉक्टर तो फोटो घेऊन अंगणात उन्हात गेले. खिशातून भिंग काढलं. किती वेळ पाहत होते कोण जाणे, चहा निवून गेला.

"लग्न कधी झालं तुझं?" त्यांनी भावाला विचारलं.

"तीन वर्सं झाली जी."

ते ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. मायवर ओरडले असते तर मायलाही बरं वाटलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "मग तुकडा घ्यायचा नव्हता. ही अख्खी काढायची असते. पिशवीसकट. टोचायचीसुद्धा नसते. आणि हे मी शिकलेलो आहे, बाई. मला माहीत होतं."

"काऊन जी? तुकड्यानं काय होते?" मायनं विचारलं.

"तुम्ही धानाचे पऱ्हे टाकता ना? मूठभर धान, एका वाफ्यात. ते धान पिशवीत होतं तोवर नुसतं धान होतं. मी पिशवी फाडली." त्यांनी आपला उजवा हात पालथा करून पाहिला. "मी तिच्या डोळ्यात पऱ्हे टाकले."

आमच्याकडे पऱ्ह्यांचं काय होतं, एका मुठीची किती रोपं उगवतात, ते पोराबाळांनाही ठाऊक. माय धाडकन खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली. "म्या खोटं सांगतलं जी! म्याच सांगतलं दहा दिस! ते बया तिथी बसली होती ना, म्हून सांगतलं! दुखत नाई पोरीले, कवाच नाई दुखलं!"

"तुम्ही आई आहात. तुम्हाला तिचं लग्न करायचं होतं. विचारणं माझं काम होतं. सगळ्यांच्या पुढ्यात विचारलं, ही माझी चूक."

"नाई जी, माही."

"नाही बाई, माझी."

असं त्यांचं चाललेलं. मी दाराआड उभी होते आणि मला रडूही येत होतं आणि संतापही. दोघंजण माझ्या डोळ्याचं पाप एकमेकांच्या हातून ओढून घेत होते, जसा काही प्रसाद आहे! अरे, डोळा माझा! आणि तेव्हासुद्धा, बाप्पा, मला कुणी काही विचारलं नाही.

नागपूरला नेऊन उरलेली गाठ काढली. डोळा जवळजवळ जागेवर आला. डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहायची. त्या वाट पाहण्याच्या वर्षांत त्यांनी मला घरी बसू दिलं नाही. चौथी झालेल्या पोरीला पुन्हा शाळेत बसवलं, सातवीच्या फायनलला बसवलं, पुस्तकं आणून दिली आणि मास्तरीण करून सोडलं. गावात म्हणत, डॉक्टरची केवढी कृपा. मला तो शब्द टोचायचा. कृपा नव्हती ती. ते प्रायश्चित्त होतं, आणि दुसऱ्याचं प्रायश्चित्त अंगावर घेऊन वाढणं सोपं नसतं. पेपरात कमी गुण पडले तरी त्यांचा चेहरा उतरायचा, मग मी त्यांच्यासाठी जास्त अभ्यास करायची.

दिवाळीनंतर आणि होळीनंतर ते मला तपासत. खाली बसवायचे, वरून पाहायचे, मग गरम बोटानं भुवईच्या हाडावरून दाबत जायचे. आणि विचारायचे, "दुखतं का?"

मी म्हणायची, "मायला विचारा."

पहिल्यांदा ते तोंडून सटकन निघून गेलं. मग मला त्याची चटकच लागली म्हणा ना. दर वेळी तेच. "दुखतं का?" "मायला विचारा." डॉक्टर बोट काढून घ्यायचे, माय जमिनीकडे पाहायची. एकदा ती कळवळून म्हणाली, "बस कर ना व शेवंते आता." पण ज्या प्रश्नाचं उत्तर मला वेळेवर देऊ दिलं नाही, ते आता कशाला द्यायचं, असा माझा हट्ट होता. तो हट्ट एवढाच काय तो माझा स्वतःचा होता.

पऱ्हे उगवले. नोकरी लागून वर्ष होतं ना होतं, तोच व्रणाच्या कडेकडेनं बोटाला कणी लागायला लागली. तांदळाच्या कणीसारखी, आधी एक, मग किती तरी. एकदा काढल्या, पुन्हा आल्या. शेवटी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आता डोळ्यासकट सगळं काढावं लागेल, नाहीतर यातलीच एखादी उद्या दरोडेखोर होईल. मी हो म्हटलं. या वेळी मात्र मला विचारलं होतं. विचारायला लावलं होतं आमच्या डॉक्टरांनीच. त्यांनी मायला खोलीबाहेर पाठवलं आणि माझ्यापुढे बसून म्हणाले, "तुम्ही सांगाल तेच होईल."

माझं ऑपरेशन चाललं तेवढा वेळ ते बाहेर मायच्या शेजारी बाकावर बसून होते. माय पुढे सांगायची, "नुसते आपल्या हाताकडं पाहून राह्यले होते."

त्यानंतरचे डॉक्टर तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहेत. दवाखान्यातला बाक उचलून व्हरांड्यात गेला. आत पडदा आला. पेशंटसोबतचं माणूस, मग ती सासू असो की पाटील, पडद्याबाहेर. दुखणं ज्याचं, उत्तर त्याचंच. आठ वर्षांच्या पोराला बाहेरून त्याचा बाप सांगू लागला तर डॉक्टर ओरडायचे, "तुमचा डोळा आहे का? मग गप बसा!" आणि अर्थातच फोटो. तोंडानं माणूस दहा दिवस सांगेल, फोटो सांगत नाही. मोतीबिंदूला कशाला लागतो फोटो? लागत नाहीच. पण हा प्रश्न एखाद्याला विचारायचा राहून गेला तर, या धास्तीनं ते सगळ्यांनाच विचारत सुटले.

माझ्याकडे मात्र ते पाहत नसत. मी लावू लागलेल्या काळ्या चष्म्याकडे पाहत, खोबणीत बॅटरी मारून पाहत, माझ्या उजव्या डोळ्याला नजर देत नसत. माय तर रस्त्यानं कायम माझ्या डाव्या बाजूनं चालायची. ठेच लागली, गाय आली, सायकल आली, सगळं आधी तिच्या अंगावर. दोघांच्या मध्ये मी. कधी कधी गुदमरायला व्हायचं. एकदा मी डॉक्टरांना म्हटलं, "गाठीला पाहता तसं एकदा मलाही पाहा ना! मी मरून नाही गेले!" त्यांनी नुसतं चष्म्याचं घर उघडलं, बंद केलं आणि "होय, होय" म्हणाले.

पुढे माझी बदली धानोऱ्याकडे जंगलातल्या एका गावी झाली. गडचिरोलीच्याही आत. तिथे माझ्याच शाळेत डॉक्टरांनी डोळे तपासायचा कॅम्प भरवला आणि बायकांशी बोलायला मला शेजारी बसवलं. दुपारी एक म्हातारी नातीला घेऊन आली. माडिया पोर, पंधरा-सोळाची, नाव माली. तिनं मान कलवली आणि मी पुढे वाकले. डावाच डोळा! तोच कोपरा, तसाच खाली ढकललेला.

डॉक्टरांनी बोटं चोळून तिच्या भुवईखाली फिरवली. "जुना फोटो आहे का?" त्यांनी सवयीनं विचारलं आणि स्वतःच मान हलवली. त्या गावात एकाही घरात आरसासुद्धा धड नव्हता. त्यांनी म्हातारीला बाहेर बसवलं. "शेवंताबाई, तुम्ही विचारा. तिला एकटीला."

मी शिकले होते तेवढ्या मोडक्या गोंडीत विचारलं, दुखतं का? पोरगी हसली. नाही. कधीपासून? ते तिला सांगता येईना. लहानपणापासून, परवापासून, तिला सगळं सारखंच. मी तिच्या तोंडाकडे पाहत बसले, आणि मग मला गोंदण दिसलं. दोन्ही भुवयांच्या टोकांना तीन-तीन ठिपके. उजवीकडचे भुवईला लागून, डावीकडचे मात्र वर, कपाळाकडे सरकलेले. मी म्हातारीला हाक मारली. "आजी, हे गोंदण कुणी केलं? वाकडं काऊन?"

म्हातारी रागावलीच. "वाकडं नाई! मीच गोंदलं. तिथी सुजलं होतं, म्हून वर गोंदलं."

गोंदलं होतं माली इतकीशी होती तेव्हा. म्हातारीनं हात कमरेएवढा धरून दाखवला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बिऱ्हाडकरू," ते म्हणाले. त्यांनी तिच्या गाठीला सुई लावली नाही, पुन्हा दाबूनसुद्धा पाहिलं नाही. जंगलातून, नदी ओलांडून, तिला स्वतः नागपूरला घेऊन गेले, आणि हाडाच्या बाजूनं वाट करून गाठ अख्खी, पिशवीसकट बाहेर आली. पुढच्या मोहफुलांच्या दिवसांत माली मला बाजारात भेटली. टोपलीभर मोहफुलं डोक्यावर, दोन्ही डोळे जागेवर, आणि वर ते वाकडे ठिपके. मी तिला पाहून हसले आणि घरी येऊन ढसाढसा रडले. कशासाठी ते नका विचारू. आनंदही होता त्यात, आणि दुसरंही होतं.

डॉक्टरांना मी म्हटलं, "आता तरी झालं ना? फिटलं ना?" ते म्हणाले, "एकीचा वाचला म्हणून दुसरीचा परत येत नाही, शेवंताबाई."

थोड्याच वर्षांत त्यांची तब्येत ढासळली आणि त्यांनी दवाखाना बंद करून नागपूरला मुलाकडे जायचं ठरवलं. निरोप घ्यायला आले तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी मला विचारलं, "जुना फोटो आहे का तो? लग्नातला? मला द्याल?"

"नाही देणार," मी म्हटलं. "तो पाहून तुम्ही काय कराल ते मला ठाऊक आहे. नवा देते."

चांद्याला स्टुडिओत गेले. फोटोवाला म्हणाला, बाई, उजव्या बाजूनं घेऊ, छान दिसेल. मी म्हटलं, समोरून घ्या. आणि चष्मा काढून ठेवला. त्याचा हात जरा थबकला, पण घेतला त्यानं. फोटोत मी हसते आहे. दिसायला म्हणाल तर काही खास नाही, पण मान सरळ आहे. तो फोटो मी नागपूरला पाठवला.

डॉक्टर गेल्याचं कळलं तेव्हा मी आणि माय नागपूरला गेलो. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्या मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खाट, खुर्ची, टेबल. टेबलावर एक फ्रेम होती, पाठ करून, तोंड भिंतीकडे. "तुमचाच फोटो," काकू म्हणाल्या. मायनंही फोटो असाच लपवला होता. मला वाटलं, शेवटपर्यंत यांनी मला पाहिलं नाहीच.

"दिवसभर असाच ठेवायचे," काकू म्हणाल्या. "मी सरळ केला तर म्हणायचे, बघवत नाही गं. पण सकाळी उठले की स्वतः सरळ करायचे. समोर बसायचे. आणि एक दिवस चुकला नाही, त्याला विचारायचे, 'शेवंताबाई, दुखतं का?' थोडं थांबायचे. मग परत फिरवून ठेवायचे."

माय माझ्या डाव्या बाजूला उभी होती. ती नेहमीसारखी खाली पाहायला लागली. मी फ्रेम उचलली, पदरानं काच पुसली आणि सरळ करून ठेवली. मग खाटेवरच्या रिकाम्या उशीकडे पाहून, बाहेर ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, म्हटलं, "नाही जी डॉक्टर. नाही दुखत. तेव्हाही नव्हतं दुखत."